रत्नागिरी–रॉटरडॅम, चौतीस मिनिटं

रत्नागिरीहून देवरुखला जायला अजूनही दीड तास लागतो. अंतर म्हणाल तर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता कायम खणलेला असतो आणि खणणाऱ्याला तो बुजवायची घाई नसते. रत्नागिरीहून रॉटरडॅमला जायला मात्र चौतीस मिनिटं लागतात. सात हजार किलोमीटर! पहिल्या वर्षी हे ऐकून लोक तोंडात बोटं घालत. आता कुणी मान वर करूनही बघत नाही. समुद्रातल्या तळावरून ‘कमान’ नावाचं ते यान सुटलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात, एखादी म्हातारी ‘गेलं मेलं’ म्हणते आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागते.

तेजस नागवेकर दर शुक्रवारी त्या कमानीने घरी येई आणि सोमवारी सकाळी परत जाई. पूर्वी तो इथल्याच गोदीत होता. कमान सुरू झाली तशी गोदी सोडून त्याने रॉटरडॅमचं काम धरलं. समुद्राचं पाणी शहरात शिरू नये म्हणून तिकडे नदीच्या तोंडाशी घराएवढे दरवाजे आहेत, ते मिटणारे-उघडणारे तेलाचे पंप तो सांभाळायचा. समुद्र वर्षागणिक चढत चाललेला, त्यामुळे दरवाजे वरचेवर मिटावे लागत आणि पंप वरचेवर कुरकुरत. पंपावर हात ठेवून त्याची थरथर ओळखावी लागे, घरबसल्या पडद्यावर बघून भागण्यासारखं ते काम नव्हतं. म्हणून ही ये-जा.

कमानीचं शास्त्र तसं सोपं आहे. पोरं कैऱ्या पाडायला दगड भिरकावतात, तो वर जातो आणि वाकून खाली येतो, तसंच हे यान. हवेच्या वर पोचलं की अडवायला काही उरत नाही. इंजिन बंद करायचं आणि पुढचं काम पृथ्वीच्या ओढीवर सोडून द्यायचं. सुटताना छातीवर चार माणसं बसल्यागत वजन येतं, मग वीसेक मिनिटं वजनच नसतं, आणि उतरताना पुन्हा ती चार माणसं हजर. शरीर हे सोसतं. सोसत नाही तो मेंदू. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक इवलीशी व्यवस्था असते. वर कुठे आणि खाली कुठे हे तिला कळेनासं झालं की ती मेंदूला कळवते, ‘आपण पडतोय’. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक गाठ आहे, धोक्याची घंटा वाजवायचं काम तिच्याकडे. ती घंटा मग थांबायचं नाव घेत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत चांगल्या धडधाकट माणसांची हृदयं नुसत्या भीतीने अडखळली. तेव्हा त्या घंटेतच बोळा कोंबणारं औषध शोधून काढलं गेलं. सुटण्याआधी दंडात एक सुई घेतली की झालं. औषधाचा रंग फिका गुलाबी, म्हणून रत्नागिरीकरांनी त्याचं नाव ठेवलं सोलकढी.

अडचण एवढीच होती की त्या गाठीजवळ भीतीची एक घंटा, रागाची दुसरी, मायेची तिसरी असा प्रकार नसतो. बोळा कोंबला की सगळंच गप्प होतं, तेही जवळजवळ तीन दिवस. माणूस चालतो, बोलतो, काम चोख करतो. विनोद सांगितला तर त्याला कळतो, हसू येत नाही. शुक्रवारची सोलकढी सोमवारपर्यंत पुरे आणि सोमवारची गुरुवारी सकाळी उतरे. म्हणजे तेजस त्याचा तो असे आठवड्यातून एकच दिवस, तोही रॉटरडॅमच्या खोलीत एकटा.

पण खरं सांगायचं तर रत्नागिरीतल्या परटवण्याच्या घरी याचं कुणाला दुःख नव्हतं. तेजसच्या नाकावर राग असे म्हणणं म्हणजे रागाला कमी लेखणं, राग त्याच्या अंगभर होता. भात गार आहे, चार्जर जागेवर नाही, शेजाऱ्याने गाडी आडवी लावली, काहीही पुरे. बायको-मुलीवर कधी हात टाकला नाही, हे तो अभिमानाने सांगे, जसं काही त्याबद्दल तालुक्याला सत्कारच व्हायला हवा होता. पण टीव्हीला तडा गेलेला, कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबकळणारं आणि एक मोबाइल कायमचा विहिरीच्या तळाशी. आवाज तर नाक्यापर्यंत जाई.

आणि आता दोन वर्षं हा माणूस शुक्रवारी येऊन पायऱ्यांवर चपला नीट जोडून ठेवी. गार भात वाढला तर गार भात जेवी. बायको ऋजुता शाळेत भूगोल शिकवायची. ती रात्रीची भांडी आवरताना गुणगुणायला लागली, आणि तिला गाता येतं हे सोळा वर्षांच्या ओवीला नव्यानेच कळलं. ओवीच्या मैत्रिणी घरी यायला लागल्या. आळीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, परदेशचं पाणी लागलं नि पोरगा सुधारला. काहींचं म्हणणं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, थोडं थांबा. सुंभ जळलाच नव्हता, तो फक्त भिजवून ठेवलेला होता, हे तेजसला ठाऊक होतं. ठाऊक होतं, वाटत मात्र काही नव्हतं.

वाटायचं ते गुरुवारी. सकाळी जाग यायची तीच छातीवर काहीतरी येऊन पडल्यासारखी. शनिवारी ओवी काय बोलली, रविवारी ऋजुताने कुठली साडी नेसली होती, सगळं एकदम उसळून यायचं. दुपारी, घरी संध्याकाळ होई तेव्हा, तो फोन लावायचा. कुणी उचलायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दत्ताच्या देवळात असतो, फोन बंद ठेवतो, असं ऋजुताने एकदा सांगून ठेवलं होतं. तेजसला ते पटलं होतं. गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणार नाहीत तर काय करतील?

एका सोमवारी तळावरच्या डॉक्टर तबस्सुम मुकादम यांनी सुई टोचता टोचता त्याला सांगितलं की नवं औषध आलंय. हे मेंदूतल्या घंटेला हात लावत नाही. कानातून निघणारा निरोप तेवढा वाटेत अडवतं आणि उतरल्यावर तासाभरात साफ निघून जातं. भीती नाही आणि बधिरपणाही नाही. पुढच्या आठवड्यापासून दोन्ही टोकांना दोन्ही औषधं ठेवणार, ज्याला जे हवं त्याने ते मागायचं. तेजसने ‘बरं’ म्हटलं आणि बाही खाली केली.

त्या गुरुवारी त्याला बातमी कळली असं म्हणायला हरकत नाही. तो कालव्याकाठच्या बाकावर बसला, पण आनंदाने त्याला एका जागी बसवेना. दोन वर्षं तो घरी जात होता आणि घरी पोचत नव्हता. आता पोचणार होता. ओवी हसताना तिच्या नाकाला सुरकुती पडते, ती बघून त्याला काहीतरी वाटणार होतं. त्याने फोन लावला. देवळात असतील, असं म्हणून तो स्वतःशीच हसला.

शुक्रवारी जेवताना त्याने घरी सांगितलं. अर्थात तोवर पुन्हा सोलकढी चढलेली होती, तेव्हा हवामानाची बातमी द्यावी तशी त्याने ती दिली. त्या दोघींना आनंद होईल, असा त्याचा अंदाज होता. ऋजुताचा भात कालवणारा हात थांबला. ओवीने आईकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे वही राहिलीय म्हणून ती उठली आणि हात धुऊन बाहेर गेली. ताटातली सुरमईची तुकडी तशीच होती. ओवी सुरमई टाकून उठत नाही, हे तेजसच्या लक्षात आलं. ऋजुता एवढंच म्हणाली, “बघू.”

बघणं रविवारी झालं. दोघं मागल्या पडवीत हातांना खोबरेल लावून फणस फोडत बसली होती. ऋजुता गरे काढता काढता, वर न बघता म्हणाली, “तेजस, तू जुनंच घे.”

त्याने का म्हणून विचारलं, विचारायचं म्हणून.

“माझा तुझ्यावर राग नाही. होता तेव्हा होता,” ती म्हणाली. “ओवी तुझ्या गाडीचा आवाज ओळखायची. गाडी वळणावर आली की पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. आता दर शुक्रवारी ती दारात उभी असते. मला ती दारात उभी असलेली हवी आहे.”

“मी बदललो असेन तर?”

“असशीलही. पण ते बघायला आम्हाला परत आत जाऊन बसावं लागेल ना?”

तेजसला यात चूक काही दिसली नाही. त्याने आठळ्या एका बाजूला केल्या. मग त्याला एक शंका आली आणि त्याने दत्ताच्या देवळाचं विचारलं.

“देवळात मी जाते, अर्ध्या तासात येते,” ऋजुता म्हणाली. “फोन मी मुद्दाम बंद ठेवते. गुरुवारी तू तू असतोस.”

त्याने मान हलवली आणि एक गरा तोंडात टाकला. गरा गोड होता. हे सगळं येत्या गुरुवारी आपल्या अंगावर येणार आहे, हे त्याला समोर दिसत होतं. खाडीत उभं राहून समुद्रावरचा काळा ढग बघावा, तसा तो त्याकडे बघत होता.

आणि ते आलं. आधी राग आला, तोही असा की तळपायाची आग मस्तकात. माझ्याच घरात मला बधिर होऊन यायचं? कुणासाठी मरतोय मी इथे? तो एकटाच खोलीत ओरडत होता. खुर्ची भिंतीवर गेली, तिचा पाय तुटला आणि खाली राहणाऱ्या डच बाईने काठीने छत ठोकलं. ती ठकठक ऐकली आणि तो मटकन खाली बसला. ऋजुता जे म्हणाली होती ते त्याने स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं होतं. मग त्याला रडू आलं, आणि बराच वेळ तो तुटका पाय हातात धरून रडला. त्याला त्याच्या घरात, त्याच्या माणसांत राहायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

रडून झाल्यावर त्याने मनाशी ठरवलं. नवं औषध घ्यायचं आणि घरी कुणाला सांगायचं नाही. दोन वर्षं बधिर माणूस कसा बसतो, कसा बोलतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तसंच बसायचं, तसंच बोलायचं. महिना-दोन महिने असे काढले की मग एक दिवस सांगायचं, बघा, इतके दिवस हा मीच होतो. योजना वाईट नव्हती.

शुक्रवारी तो मांडवीच्या धक्क्यावर उतरला तेव्हा सुक्या बांगड्याचा वास नाकात गेला आणि त्याला एकदम हसू फुटलं. सुक्या बांगड्याने! घरी ओवी दारात उभी होती. तिला जवळ घ्यावं म्हणून त्याचे हात उचललेसुद्धा गेले, पण बधिर बाबा तसं करत नसत. त्याने तिच्या हातात पिशवी दिली आणि चपला जोडून ठेवल्या.

शनिवारी सकाळी परीक्षा झाली. ओवीने पोहे खाता खाता सहज सांगून टाकलं की इंजिनिअरिंगच्या क्लासला ती महिनाभर गेलेलीच नाही. तिला लाकडी होड्या बांधायला शिकायचंय, खाडीपलीकडे भाट्याच्या एका सुताराकडे ती त्या वेळात जाते. महिनाभर खोटं! तेजसच्या कानशिलात ठोके पडायला लागले. त्याने पायाचे अंगठे फरशीवर दाबून धरले, पोह्यातलं खोबरं बाजूला केलं, आणि नेहमीच्या सपाट आवाजात विचारलं, “बरं. मग पुढे काय ठरवलंयस?” ओवी अर्धा तास बोलली. लाकूड कसं वाफवतात, फळ्या वाकवून कशा बसवतात. ऐकता ऐकता राग ओसरला आणि मागे उरला कौतुकाचा एक मोठा गोळा. तोही त्याने गिळला. ऋजुताने मध्ये एकदा त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण तो जिंकला होता. राग गिळता येतो, एवढी साधी गोष्ट चव्वेचाळीस वर्षांत त्याला कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तेव्हा तो ओरडत असेल.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. ओवी खुशीत होती. आईने आग्रह केला तशी ती बाबांची नक्कल करायला उठली. गेले काही महिने घरात हा नवा खेळ सुरू झाला होता. बधिर तेजससमोर जुन्या तेजसची नक्कल करायची. तो शांतपणे बघायचा, एखादी दुरुस्तीही सुचवायचा, आणि त्या दोघी हसून हसून लोळायच्या.

ओवीने त्याचा खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि ती दारातून धाडधाड आत आली. “या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ! मी मेलो तरी तुम्हाला कळायचं नाही!” आवाज, मानेची शीर, हाताची फेक, सगळं हुबेहूब होतं. ऋजुता तोंडाला पदर लावून हसत होती. तेजसही ओठांची कड जरा वर करून बसला. एवढं बधिर बाबा करत असत.

मग ओवीने शर्टाच्या बाह्या मागे केल्या आणि ती म्हणाली, आता छोटी ओवी. ती कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. गुडघे पोटाशी, डोकं खाली, ओठ भराभर हलतायत. हे ऋजुताने आधी पाहिलेलं नव्हतं. तू काय पुटपुटतेयस, तिने हसतच विचारलं.

“पाढे,” ओवी म्हणाली. “बाबा ओरडायला लागले की मी सतराच्या पाढ्यापासून सुरू करायचे. ते थांबायच्या आत तीसपर्यंत पोचलं की आपण जिंकलो.”

“जिंकलीस का कधी?”

“एकदा एकोणतीसपर्यंत गेले होते. मग बाबा थांबले,” ओवी फटीतून बाहेर येत हसली, नाकाला सुरकुती पाडून. “बाबा, तू अजून दोन मिनिटं ओरडला असतास ना, तर मी—”

ती तिथेच थांबली. तेजसच्या डोळ्यांतलं पाणी ताटातल्या भातावर पडत होतं, आणि ते गिळायची काही सोय नव्हती. राग त्याने गिळला होता, कौतुक गिळलं होतं. हे गिळता आलं नाही.

ओवीने शर्ट काढला, खुंटीला परत लावला, त्याची कॉलर सारखी केली. मग ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही सोलकढी घेतली नाहीत?” तिने विचारलं. आवाज सहा वर्षांच्या मुलीचा होता. आणि तिचे ओठ हलायला लागले.

“घेतलीय,” तेजस म्हणाला. “घेतलीय गो.”

ऋजुता त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं. तिने मागे न बघता ओवीचा हात धरला.

“बाबांनी घेतलीय,” ती म्हणाली. “मिरची लागली असेल. बस तू.”

ओवी बसली, पण पलीकडच्या टोकाला. होड्यांचं ती पुन्हा काही बोलली नाही. तेजसने पानातलं सगळं संपवलं. रविवारभर तो पडवीत सरळ बसून राहिला, ओवी त्याच्या दिशेने आली की हात मांडीवर ठेवी, तिला दिसतील असे.

सोमवारी तळावर डॉक्टर मुकादमांनी त्याला विचारलं, कुठलं देऊ?

“जाताना नवं द्या,” तो म्हणाला. “येताना जुनं. तिकडे तसं कळवून ठेवा. दर आठवड्याला असंच.”

हे उलटं झालं, माणूस कामावर बधिर चालेल, घरी कशाला, असं काहीतरी त्या म्हणतील असं त्याला वाटलं होतं. तो उत्तर जुळवून तयार होता. पण मुकादमबाईंनी सुई भरता भरता नुसती मान हलवली.

“बरेच जण असंच सांगतात,” त्या म्हणाल्या.

कमान सुटली. छातीवर चार माणसं बसली, उठून गेली, इंजिन बंद झालं आणि तेजसला रडू फुटलं. वजन नसलं की डोळ्यांतलं पाणी ओघळत नाही. ते डोळ्यावरच साचतं, आणखी साचतं, आणि समोरचं सगळं पाण्याखाली जातं. पुसावं तर हात पट्ट्यांत आवळलेले. खिडकीत त्या वेळी कुठले डोंगर होते, कुठला समुद्र होता, त्याने काही पाहिलं नाही. त्याचा सतराचा पाढा म्हणून झाला, अठराचा झाला, पुढचे त्याला येत नव्हते. मग यान हवेत शिरलं, वजन परत आलं आणि ते सगळं पाणी एकदम दोन्ही कानांकडे वाहून गेलं. रॉटरडॅमला ढगाळ होतं. दरवाजाचा एक पंप पहाटेपासून कुरकुरत होता, म्हणून तो तळावरून थेट कामावर गेला.